मदत हवी आहे: मँगो टार्टचा तळ कच्चा राहतोय

नमस्कार मंडळी, ओटीजीमध्ये (घरगुती छोट्या इलेक्ट्रिक ओव्हनमध्ये) छोटे मँगो टार्ट करतेय, वरची कड मस्त खरपूस होते पण तळ मात्र पिठूळ आणि ओलाच राहतो, बोट लावलं की दबतो. पारीसाठी २५० ग्रॅम मैदा, १२५ ग्रॅम थंड बटर, दोन चमचे पिठीसाखर आणि लागेल तसं बर्फाचं पाणी, मग अर्धा तास फ्रीजमध्ये. अंडं चालत नाही, सासूबाई खात नाहीत. सारण म्हणजे हापूसच्या फोडी, थोडी साखर, लिंबू आणि कॉर्नफ्लोअर घालून आटवलेलं, गार करूनच भरते. १८० डिग्रीला २५ मिनिटं, दोन्ही रॉड चालू, ट्रे मधल्या खाचेत.

आता पारी आधी रिकामी भाजून घ्यायची का? त्यासाठी बटर पेपरवर राजमा पसरून ठेवतात ना, पण इवल्याशा साच्यात ते कसं जमवता? की ट्रे खालच्या खाचेत सरकवून २०० वर सुरू करू? तळाला थोडा बारीक रवा भुरभुरला तर रस शोषून घेईल असं वाटतंय, कोणी केलंय का?

अजून एक, या उकाड्यात पारी लाटेपर्यंत बटर सुटायला लागतं आणि सगळं पोळपाटाला चिकटतं (एसी फक्त बेडरूममध्ये आहे, तिथे लाटायला बसले तर घरचे हसतील 😄). साचे ॲल्युमिनियमचे आहेत, सिलिकॉनचे घ्यायचा विचार होता पण त्यात तळ अजूनच पांढरा राहतो म्हणे, खरंय का? रविवारी पाहुणे येतायत, प्लीज लवकर सांगा.