पाच वॉटवाल्यांनी बँडवर यायचंच नाही का?

कळंब्याचा_डायपोल
काल इथं शंभरवॉट यांनी लिहिलं की हॅम रेडिओचं नवीन लायसन्स मिळालेल्या पोरांनी किट-बिट (स्वतः जोडायचे सेट) आणि पाच-दहा वॉटचे सेट घेऊन चाळीस मीटरच्या (७ मेगाहर्ट्झच्या) बँडवरच्या सकाळच्या नेटवर, म्हणजे ठरल्या वेळी सगळ्यांनी हवेवर जमून बोलायच्या बैठकीत, येऊ नये, कुणाला ऐकू येत नाही, नेट कंट्रोलचा (नेट चालवणाऱ्याचा) वेळ जातो, आधी पैसे साठवा, शंभर वॉटचा सेट घ्या आणि मग या. वाचून डोकं फिरलं म्हणून सविस्तर लिहितोय.

पोरगं परीक्षा देतं, लायसन्सची वाट बघत बसतं, शेवटी व्हीयू३ने सुरू होणारा कॉलसाइन (हवेवरचं नाव) हातात पडतो आणि पहिल्याच दिवशी तुम्ही त्याला सांगणार की खिशात पैसे नसतील तर घरी बस? हैदराबादच्या अशर फरहान (व्हीयू२ईएसई) यांनी बिटएक्स या घरी जोडायच्या छोट्या सेटचं डिझाइन जगाला मोकळं करून दिलं ते याच पोरांसाठी. आपल्याच देशात निघालेला सेट, जगभर लोक सोल्डर करून वापरतात, आणि आपल्याच नेटवर त्याला मज्जाव.

आता हिशोब. ५ वॉट आणि १०० वॉट यांत फरक १३ डेसिबलचा (डीबी). एक एस-युनिट, म्हणजे सेटवरच्या सिग्नल मीटरची एक पायरी, ६ डीबीचं धरलं तर दोन एस-युनिटपेक्षा थोडं जास्त, बस्स. तुम्ही समोरच्याला एस-नाइन येत असाल तर त्याच अँटेनावर मी सातच्या जरा खाली येईन. सातचा सिग्नल ऐकू येत नसेल तर तिकडच्या घरातला नॉइज बघायला पाहिजे, माझा सेट नाही.

पैसे घालायचेच तर तारेत घाला. ७.१ मेगाहर्ट्झचा डायपोल (मधे केबल जोडलेली दोन हातांची तारेची अँटेना) म्हणजे एकूण वीसेक मीटर, एका बाजूला तेहतीस फूट. वायरिंगची दीड स्क्वेअरची वायर चालते, पीव्हीसीमुळे शेवटी लांबी थोडी कमी लागते, पण आधी लांबच कापायची आणि एसडब्ल्यूआर (अँटेना सेटला जुळते का ते दाखवणारा आकडा) बघत बघत छाटायची. उंची वीस-पंचवीस फूटच मिळाली तरी रडायचं कारण नाही, इतका खाली टांगलेला डायपोल सिग्नल सरळ वर फेकतो आणि तो आयनोस्फिअरवर आपटून पुणे, मुंबई, गोवा, हुबळीवर पावसासारखा खाली येतो. दिवसाच्या नेटला नेमकं हेच हवं असतं. जपान-युरोप पाहिजे असेल तर उंची पाहिजे, तिथं कमी उंचीत शंभर वॉटवालासुद्धा रडतो.

आणि मधे केबल जोडताना पीएल-२५९ कनेक्टर नीट सोल्डर करा, वरच्या टोकाला रबरी टेप गुंडाळून पाणी बंद करा. आपल्याकडचा जुलै-ऑगस्ट उघड्या कनेक्टरला सोडत नाही, केबलच्या तांब्याच्या वेणीत पाणी उतरलं की ती काळी पडते आणि मग लोक सेटला शिव्या घालतात.

शंभरवॉट
हिशोब मलाही येतो. पण हिशोब कागदावर असतो आणि नेट बँडवर असतं. मुंबईत फ्लॅटमध्ये बसलेल्या माणसाकडे नॉइजच एस-सात असतो, तुमचा सातच्या खालचा सिग्नल त्यात बुडाला की संपलं. मग तो म्हणणार "अगेन अगेन", तुम्ही तिसऱ्यांदा कॉलसाइन सांगणार, तोवर रांगेतले वीस जण ताटकळलेले. मी नेट चालवतो, तुम्ही चालवत नाही, हा फरक आहे.

दुसरं, कोल्हापूरच्या २०१९ च्या पुरात मोबाइल टॉवर बंद पडत होते, वीज नव्हती, हायवे शिरोलीजवळ पाण्याखाली. तेव्हा निरोप पोचवायला ताकदीचा सेट लागतो, खेळणं नाही. माझा शंभर वॉटचा सेट कारच्या बॅटरीवर लावला होता म्हणून बोलणं झालं.

शिरोळची_गच्ची
पुराचं नाव काढलंच आहे तर मी बोलतो, कारण पाणी माझ्या पहिल्या मजल्यापर्यंत होतं. तुमच्याकडे कार होती आणि ती चालू करायला पेट्रोल होतं. माझ्याकडे इन्व्हर्टरची एक बॅटरी, ती पण अर्धी. शंभर वॉटचा सेट बोलताना वीसेक अँपिअर ओढतो, नुसता ऐकत बसला तरी एखादा अँपिअर जातोच. माझा किट सेट बोलताना दीड-दोन अँपिअर आणि ऐकताना त्याच्या कितीतरी खाली. बॅटरी चार्ज करायला वीज कधी येणार हे कुणालाच माहीत नव्हतं, अशा वेळी कोणता सेट दुसऱ्या दिवशी जिवंत असतो ते सांगा. खेळणं म्हणायच्या आधी गच्चीवर रात्र काढून बघा.

उद्यमनगर_वाइंडर
मी हॅम नाही, ऑडिओवाला. पण हीच रड आमच्याकडे पण हाय. लोक येतात आणि विचारतात "किती वॉटचा?" आणि डब्यावर पीएमपीओ बघून घेऊन जातात. अरे भावा, पीएमपीओ हा क्षणभराचा फुगवलेला, डब्यावर छापायचा आकडा आहे, आरएमएस (सतत मिळणारी पॉवर) विचार. आणि त्याहून पहिलं विचार स्पीकरची सेन्सिटिव्हिटी, म्हणजे एका वॉटमध्ये तो किती मोठा वाजतो. ८७ डीबीच्या स्पीकरला १०० वॉट देऊन जेवढा आवाज येतो तेवढाच ९३ डीबीच्या स्पीकरला २५ वॉटमध्ये येतो. वॉट दुप्पट केले तर ३ डीबीच वाढतात, कानाला धड कळत पण नाही. घरात जुना स्टिरिओ असेल तर आधी स्पीकर कोपऱ्यातून बाहेर काढा, कानाच्या उंचीवर आणा, वायर जाड घ्या, मग अँप बदलायचा विचार करा. तुमचा डायपोल म्हणजेच आमचा स्पीकर.

गंगावेस_रहिवासी
वा, डॉल्बीवाले आता इथं ज्ञान द्यायला आले. वॉट दुप्पट केले तर कानाला कळत नाही म्हणे! मग मिरवणुकीत महाद्वार रोडवर एकावर एक स्पीकरच्या भिंती कशाला रचता? रहिवासी भागाला दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल अशी मर्यादा २००० सालच्या नियमांत लिहिलेली आहे. आमच्या खिडक्यांच्या काचा थरथरतात, आईला बीपीची गोळी देऊन आतल्या खोलीत बसवावं लागतं. मोजक्या साधनांत चांगला आवाज काढायच्या गोष्टी तुमच्या तोंडी शोभत नाहीत.

उद्यमनगर_वाइंडर
ओ, नीट बोला. मी ट्रान्सफॉर्मर वाइंडिंग करतो आणि घरगुती अँप दुरुस्त करतो, भिंती लावत नाही. आणि लावणारे पण पोटासाठी लावतात, मागणारं मंडळ असतं तुमच्याच गल्लीतलं. वर्गणी द्यायची, पहिल्या रांगेत नाचायचं आणि नंतर शिव्या साउंडवाल्याला. तुमच्या मातोश्रींचा त्रास खरा आहे, त्याबद्दल माझा वाद नाही, पण राग कुणावर काढायचा ते तर बघा.

गंगावेस_रहिवासी
मी वर्गणी देणं बंद केलंय आणि मंडळाला लेखी सांगितलंय. नाचायचं म्हणाल तर मी त्या रात्री गावातच थांबत नाही. तेव्हा माझ्यावर ढकलू नका. आणि "पोटासाठी" हे उत्तर मला पटत नाही, पोटासाठी काहीही चालतं का?

राजारामपुरी_सातवी_गल्ली
दोघंही थांबा, पण एक तांत्रिक गोष्ट राहिली. मिरवणुकीत आवाज कर्कश लागतो त्यात नुसते वॉट नसतात, क्लिपिंग असतं. मिक्सर लालमध्ये, अँप लालमध्ये, लहरीचे माथे कापले जातात, त्यातून नको त्या हार्मोनिक्स तयार होतात आणि ते कानाला टोचतं. ट्वीटर जळतात ते पण बऱ्याचदा त्यातूनच. छोटा अँप पूर्ण पिळला की हेच होतं.

उद्यमनगर_वाइंडर
हे बरोबर. छोट्या अँपला त्याच्या मापात वापरलं तर तो गोड वाजतो. लोकांना व्हॉल्यूम शेवटपर्यंत फिरवल्याशिवाय पैसे वसूल झाले असं वाटत नाही.

जुना_ट्रान्झिस्टर
अहो मंडळी, मिरवणूक बाजूला ठेवा, मूळ मुद्दा नॉइजचा होता आणि त्यावर कुणी बोलेना. आमच्या लहानपणी मीडियम वेव्हवर सांगली केंद्र स्वयंपाकघरातल्या ट्रान्झिस्टरवर स्वच्छ लागायचं. आज त्याच घरात एलईडी ट्यूब लावली की नुसती गुरगुर. माझा उपाय सांगतो, पैसे लागत नाहीत. सेट बॅटरीवर लावा आणि घराचा मेन स्विच पाडा. नॉइज खाली आला तर चोर घरातच आहे. मग मेन चालू करून ट्रान्झिस्टर मीडियम वेव्हच्या रिकाम्या जागेवर ठेवा आणि तो हातात घेऊन घरभर फिरा. राउटरचा अडॅप्टर, मोबाइलचा स्वस्त चार्जर, ट्यूबचा ड्रायव्हर, शेजाऱ्यांचा सोलर इन्व्हर्टर, जवळ गेलं की ओरडतो. माझ्याकडे देवघरातली एलईडी माळ निघाली. सौभाग्यवतींना माळ काढायची नव्हती, त्यावर दोन दिवस अबोला झाला, शेवटी अडॅप्टर बदलून मिळाला.

अँटेनाच्या फीडपॉइंटला (जिथं केबल जोडली जाते तिथं) फेराइटच्या गोल कड्यावर (टोरॉइड) आरजी-५८ केबलचे दहा-बारा वेढे घाला, म्हणजे केबलच्या बाहेरून घरातला नॉइज वर चढत नाही. चाळीस मीटरला ३१ मिक्स (फेराइटचा एक प्रकार) चांगला. चार एस-युनिट नॉइज उतरलेला मी पाहिलाय. तेवढा फायदा पॉवर वाढवून घ्यायचा तर समोरच्याला अडीचशे पट वॉट लागतील.

शंभरवॉट
काका, तुमचा मान ठेवून सांगतो, हे सगळं स्वतःच्या घरात होतं. मुंबईवाल्याच्या सोसायटीत जाऊन मी त्याच्या शेजाऱ्याचा इन्व्हर्टर बंद करणार का? समोरच्याचा नॉइज कमी करता येत नाही म्हणूनच आपण पॉवर वाढवतो. आणि गच्ची? माझ्या ओळखीत तिघांना सोसायटीने अँटेना काढायला लावली.

कळंब्याचा_डायपोल
गच्ची नाही हे दुःख खरं आहे, पण ते शंभर वॉटवाल्यालाही तेवढंच आहे ना. गच्ची नसेल तर पॅरापेटच्या आतून वायर फिरवा, बारीक वायर कुणाला दिसत नाही. दोन मीटरच्या (१४५ मेगाहर्ट्झच्या) बँडवर असाल तर हँडीच्या (हातातल्या सेटच्या) अँटेनाच्या बुडाशी एकोणपन्नास सेंटिमीटरची वायर लोंबती सोडा, हँडीच्या आखूड रबरी अँटेनाला जमीन (ग्राउंड) मिळते आणि फरक लगेच कळतो. जुन्या टीव्हीच्या चपट्या वायरची स्लिम जिम (उभी टांगायची अँटेना) करून पन्हाळ्यावर जा, पाच वॉट कुठवर जातात बघा. फक्त १४५ मेगाहर्ट्झला आरजी-५८ लांब ओढू नका, तीस मीटरमध्ये पाऊण पॉवर केबलच खाते. चाळीस मीटरला तीच केबल एखाद डीबीत सुटते.

आणि वर क्लिपिंगचं निघालं तोच धागा मला पकडायचाय. नेटवर अर्धे लोक ऐकू येत नाहीत ते वॉटमुळे नाही, माइकमुळे. तोंड माइकला चिकटवून ओरडायचं, गेन फुल, खर्जाचा सगळा भुसभुशीत आवाज पाठवायचा. ३०० हर्ट्झच्या खालचा आवाज पॉवर खातो आणि शब्द कळायला त्याचा उपयोग नाही. पाच वॉटवाल्याला ते परवडत नाही.

उद्यमनगर_वाइंडर
हे आमचं खातं. इलेक्ट्रेट कॅप्सूल (छोटा स्वस्त माइक) घ्या, आणि तिच्या पुढचा कपलिंग कपॅसिटर लहान करा, खर्ज आपोआप कापला जातो. वरच्या बाजूला दीड ते अडीच किलोहर्ट्झ थोडं उचललेलं चांगलं, व्यंजनं तिथंच असतात, "पाच" आणि "सात" वेगळं ऐकू येतं. माइक तोंडासमोर धरू नका, गालाच्या बाजूला धरा म्हणजे फुंकर बसत नाही. कुणाला करून पाहिजे असेल तर माइक घेऊन या, पैसे नकोत.

राजारामपुरी_सातवी_गल्ली
सेटमध्ये एएलसी (पॉवर आपोआप मर्यादेत ठेवणारी सोय) असेल तर तिची सुई नुसती हलेल इतकाच गेन ठेवा. मायक्रो बिटएक्ससारख्या किटमध्ये मुळात एएलसी नाही, तिथं दुसऱ्या रिसीव्हरवर हेडफोन लावून स्वतःचा आवाज ऐका, नाहीतर नेदरलँड्समधल्या ट्वेंटे विद्यापीठाच्या वेबएसडीआरवर (इंटरनेटवरून ऐकायच्या रिसीव्हरवर) संध्याकाळनंतर स्वतःला शोधा.

शंभरवॉट
माइकचं मान्य. इतकंच मान्य. माझ्या नेटवर जे दोन पाच-वॉटवाले नेहमी पहिल्या हाकेत कळतात त्यांचा आवाज बारीक आणि टोकदार आहे, हे लिहिताना आठवलं. शिरोळच्या गच्चीचा बॅटरीचा मुद्दाही खोडता येत नाही, म्हणून खेळणं हा शब्द मागे. पण शंभर वॉट मी कमी करणार नाही आणि नवीन पोरांना परवडत असेल तर घ्या हेच सांगणार. नेटच्या सुरुवातीची पाच मिनिटं कमी पॉवरवाल्यांना वेगळी देतो, बाकीच्यांनी तेवढा वेळ गप्प बसायचं. कॉलसाइन दोनदा, फोनेटिकमध्ये (अल्फा, ब्राव्हो असं), आणि माइक गालाशी.

कळंब्याचा_डायपोल
पाच नाही, दहा द्या. पोरं घाबरलेली असतात, पहिल्यांदा बटण दाबायलाच दोन मिनिटं जातात.

शंभरवॉट
सात. आणि ओरडणाऱ्याला परत रांगेत पाठवणार.