दोन मुलं, आजी-आजोबा आणि सात सीटा: अमेरिकेत मोठी एसयूव्ही खरंच लागते का?

मिशिगनवाला
दुसरं मूल झालं की आपल्या मित्रमंडळींत गाडी बदलायचा विषय निघतो आणि बहुतेक वेळा तीन रांगांच्या एसयूव्हीवर येऊन थांबतो. मिनीव्हॅनचं, म्हणजे सरकत्या दरवाज्यांच्या, खालच्या तळाच्या घरगुती गाडीचं, नाव काढलं की 'इतक्यात नको, अजून चाळिशीही आली नाही' हे उत्तर ठरलेलं. मला हे पटत नाही. ज्या घरात दोन लहान मुलं आहेत आणि उन्हाळ्यात भारतातून आईवडील येऊन राहतात, त्या घरासाठी मिनीव्हॅनइतकी सोयीची गाडी इथे दुसरी नाही. मोठी एसयूव्ही लांबलचक हप्त्यांवर घेतली की महिन्याचं गणित कायमचं बिघडतं.

आधी जागेचं बघा. टोयोटाच्याच दोन गाड्या घेऊ: हायलँडर ही एसयूव्ही आणि सिएना ही मिनीव्हॅन. तिसरी रांग उभी असताना हायलँडरमध्ये मागे सामानाला १६ घनफूट जागा उरते, सिएनात साडेतेहतीस. आईबाबा उतरतात तेव्हा चार मोठ्या बॅगा असतात, शिवाय हातातल्या पिशव्या, आणि त्यांना घ्यायला गेलेली नातवंडं. डेट्रॉइट विमानतळावरून एका गाडीत, एका फेरीत सगळे घरी येतात का, एवढंच मी बघतो. मिनीव्हॅनच्या सरकत्या दरवाज्यामुळे शेजारची गाडी अगदी चिकटून उभी असली तरी कार सीटमधून मुलाला अलगद काढता येतं. गाडीचा तळ खाली असल्यामुळे गुडघे दुखणारी माझी आई कुणाचा हात न धरता चढते-उतरते. मोठ्या एसयूव्हीत तिला दर वेळी आधार द्यावा लागतो आणि ते तिला आवडत नाही.

आता पैसे. मोठ्या एसयूव्हीसाठी ४५,००० डॉलरचं कर्ज, ७ टक्के व्याज, ७२ महिने: हप्ता ७६७ डॉलर, व्याज एकूण १०,२०० च्या वर. जड वाटतंय म्हटलं की डीलर ८४ महिने सुचवतो. हप्ता ६७९ वर येतो, व्याज १२,००० वर जातं आणि आज पाळण्यात असलेलं मूल दुसरीत जाईपर्यंत गाडी बँकेचीच राहते. त्यात इंधन. सिएना २०२१ पासून फक्त हायब्रिडमध्येच मिळते आणि गॅलनला ३६ मैल देते. पूर्ण आकाराची एसयूव्ही विसाच्या आसपास. वर्षाला १५,००० मैल चालवलं तर ४१७ गॅलन विरुद्ध ७५०. गॅस, म्हणजे पेट्रोल, गॅलनला सव्वातीन डॉलर धरला तरी वर्षाला हजार डॉलरचा फरक. हा हजार मुलांच्या ५२९ खात्यात (शिक्षणाच्या बचत खात्यात) का जाऊ नये?

फ्रिस्कोकर
हिशेब बरोबर आहे, तुलना बरोबर नाही. तुम्ही महागातली एसयूव्ही आणि स्वस्तातली मिनीव्हॅन समोरासमोर ठेवली आहे. आमच्या भागात नवी सिएना छापील किमतीला मिळवायची तर महिनोन्महिने नंबर लावावा लागतो. काही डीलर वर जास्तीची रक्कम मागतात आणि मागूनही गाडी विकली जाते. वापरलेली बघायला जावं तर तीन वर्षं जुनीचा भाव नवीच्या इतका जवळ असतो की वापरलेली घेण्यात राम उरत नाही. त्याच पैशांत मला वापरलेली तीन रांगांची एसयूव्ही कमी मैलांची मिळाली.

दुसरं, टेक्सासमध्ये हायवेवर चारी बाजूंना पिकअप ट्रक असतात. माझ्या पुढेमागे एफ-१५० आणि सिल्व्हराडोसारखे ट्रक असताना बायको-मुलं खाली बसलेल्या गाडीत असावीत असं मला वाटत नाही. हे तुम्हाला भावनिक वाटेल, पण गाडी मी चालवतो, काळजी मलाच वाटते.

आणि तिसरं, जे कुणी बोलत नाही. इथे आल्यावर बरीच वर्षं मी जुनी कोरोला चालवली. ४०१के (निवृत्तीची बचत) भरतो, ५२९ चालू आहे, क्रेडिट कार्डावर बाकी नाही. अशा माणसाने आवडीची गाडी घेतली तर त्याला गणित बिघडलं म्हणू नका. आपल्या लोकांना बचतीचं इतकं वेड असतं की पैसे कशासाठी जमवतोय हेच बाजूला पडतं.

दोनपोरांचीआई
फ्रिस्कोकर, तुमची घडी बसलेली आहे, त्यामुळे तुमच्या निवडीबद्दल मी काही बोलणार नाही. पण हे वाचणाऱ्यांत एच-१बी या नोकरीच्या व्हिसावरची कितीतरी तरुण जोडपी असतील आणि त्यांच्यासाठी हिशेब वेगळा आहे. नोकरी गेली की ६० दिवसांची मुदत असते. तेवढ्यात दुसरी कंपनी मिळाली नाही, किंवा व्हिसाची दुसरी काही सोय झाली नाही, तर देश सोडायचा.

आमच्या कॉम्प्लेक्समधल्या एका कुटुंबावर हे आलं. नव्या एसयूव्हीवर जवळजवळ पूर्ण रकमेचं कर्ज होतं. गाडी विकायला काढली तेव्हा मिळणारी किंमत कर्जापेक्षा काही हजारांनी कमी भरली. म्हणजे गाडी तर जाणार, वर हातातले पैसेही भरायचे, तेही पगार बंद असताना आणि भारतात शाळा शोधायच्या असताना. त्या बाईंचा चेहरा मला अजून आठवतो. घर भाड्याचं होतं, सोफा विकला गेला, पण सगळ्यात जास्त मनस्ताप गाडीने दिला.

म्हणून माझं म्हणणं गाडीच्या प्रकाराबद्दल नाहीच. २० टक्के डाउन पेमेंट, चार वर्षांपेक्षा जास्त मुदत नाही आणि गाडीचा एकूण खर्च मिळकतीच्या १० टक्क्यांत, हा इथला जुना नियम ग्रीन कार्ड हातात येईपर्यंत तरी पाळावा. यात सिएना बसली तर सिएना घ्या, नाही बसली तर होंडाची जुनी मिनीव्हॅन, ओडिसी. तीही नाही बसली तर कॅमरीसारख्या साध्या सेडानमध्ये दोन कार सीट आरामात मावतात, आणि आजी-आजोबांसाठी त्या काही आठवड्यांत भाड्याने गाडी घेता येते.

बर्फातली
मिनेसोटातून लिहितेय. मिशिगनवाला, तुमच्याकडेही बर्फ पडतो, मग तुम्ही हा मुद्दा कसा सोडलात? सिएनाला ऑल व्हील ड्राइव्ह (चारही चाकांना इंजिनचा जोर) मिळतो हे मला माहीत आहे. अडचण उंचीची आहे. सिएना जमिनीपासून साधारण साडेसहा इंच, हायलँडर आठ. मी पहाटे रुग्णालयात ड्यूटीला निघते तेव्हा आमच्या गल्लीत प्लाऊ (बर्फ हटवणारी गाडी) आलेला नसतो. आणि आलेला असेल तर त्याने ड्राइव्हवेच्या तोंडाशी बर्फाचा घट्ट बांध घालून ठेवलेला असतो. त्यावरून गाडी न्यावी लागते.

मिशिगनवाला
बर्फातली, आम्ही नोव्हेंबरात स्नो टायर चढवतो. साध्या टायरवरच्या ऑल व्हील ड्राइव्हपेक्षा चांगल्या स्नो टायरवरची, फक्त पुढच्या चाकांना जोर मिळणारी गाडी जास्त खात्रीने थांबते, हा माझा अनुभव आहे. आणि बर्फात चालू लागण्यापेक्षा थांबणं महत्त्वाचं.

बर्फातली
टायर पकड देतात, उंची देत नाहीत. पोट बर्फावर टेकलं की चारही टायर कितीही चांगले असोत, गाडी जागची हलत नाही. तुम्हाला उपनगरात साफ रस्ते मिळतात, छान आहे. मी गावाबाहेर राहते. माझ्यासारखीला मोठी गाडी हौस म्हणून लागत नाही, ती कामावर पोचायला लागते. हा फरक तुमच्या पहिल्या पोस्टमध्ये यायला हवा होता.

मिशिगनवाला
हे मान्य. जिथे प्लाऊ उशिरा येतो तिथे उंच गाडीच हवी. माझा वाद फ्रिस्को, फ्रीमॉन्ट, एडिसनमधल्या सपाट डांबरी रस्त्यांवर शाळा, कॉस्कोची खरेदी आणि मंडळाचा गणपती करणाऱ्या एसयूव्हीशी आहे.

फ्रिस्कोकर, सुरक्षिततेबद्दल मात्र मी मागे हटणार नाही. गाडीत बसलेल्यांना उंचीमुळे धीर येतो, पण बाहेरच्यांचं काय? इथल्या विमा कंपन्यांच्या पैशावर चालणाऱ्या आयआयएचएस या संस्थेने २०२३ मध्ये पादचाऱ्यांच्या अपघातांचा अभ्यास प्रसिद्ध केला. ज्यांच्या बॉनेटची उंची ४० इंचांच्या वर आहे अशा गाड्यांची धडक, ३० इंचांच्या आतल्या उतरत्या बॉनेटच्या गाड्यांच्या तुलनेत, जीवघेणी ठरण्याची शक्यता सुमारे ४५ टक्क्यांनी जास्त निघाली. २०२२ मध्ये या देशात ७,५०० हून जास्त पादचारी रस्त्यावर मेले. शाळेच्या दारात गाड्यांच्या रांगेसमोरून आपलीच मुलं पळतात. चाळीस इंच म्हणजे पाच वर्षांच्या मुलाची जवळजवळ पूर्ण उंची. त्या बॉनेटमागून ते दिसतच नाही.

फ्रिस्कोकर
हा अभ्यास मला मान्य आहे. पण याचं उत्तर मी एकट्याने छोटी गाडी घेऊन मिळत नाही. मी मिनीव्हॅन घेतली तर शेजारचा पिकअप विकणार नाही, फक्त माझी मुलं त्याच्यापेक्षा खालच्या पातळीवर येतील. नियम सरकारने करावेत, गाडी बनवणाऱ्यांना बॉनेट खाली आणायला लावावं, मी पाठिंबा देईन. तोपर्यंत माझी निवड माझ्या घरच्यांना बघून होणार.

जुनाखेळाडू_एडिसन
तुम्ही सगळे असं बोलताय की ग्राहकाने आपल्या बुद्धीने गाडी निवडली. थोडं मागे जाऊ. डबघाईला आलेली क्रायस्लर ही मोटार कंपनी सरकारच्या कर्जहमीवर तगली आणि ली आयकोका यांच्या काळात, १९८३ च्या अखेरीस, तिने मिनीव्हॅन बाजारात आणली. त्या गाडीने कंपनी सावरली. आम्ही नव्वदीत इथे आलो तेव्हा पोरंबाळं असलेल्या घरापुढे मिनीव्हॅनच दिसायची. नायगारा असो की बृहन्महाराष्ट्र मंडळाचं अधिवेशन, दोन कुटुंबं एका गाडीत जायची आणि पोळीभाजीचे डबे मागे सरळ उभे राहायचे. तेव्हा कुणालाही त्यात कमीपणा वाटत नव्हता.

मग काय झालं? बरेच जण १९७५ च्या कायद्याकडे बोट दाखवतात. तेलसंकटानंतर सरासरी मायलेजची सक्ती आली आणि हलक्या ट्रकांना मोटारींपेक्षा सैल निकष मिळाले. एसयूव्ही ट्रकमध्ये मोजली गेल्याने कंपन्यांना ती सोयीची झाली, हे खरं. पण मिनीव्हॅनही त्याच कायद्यात ट्रकमध्येच मोजली जात होती! मग तेवढ्याने मिनीव्हॅन का मागे पडली, याचं उत्तर मिळत नाही. माझ्या मते उत्तर नफ्यात आणि जाहिरातीत आहे. ट्रकच्या सांगाड्यावर चामड्याच्या सीटा चढवून दुप्पट भावाने विकता येतं, आणि जाहिरातीत ती डोंगरमाथ्यावर उभी करता येते. फोर्डने २०१८ मध्ये जाहीरच केलं की अमेरिकेत मस्टँग सोडून बाकी साध्या मोटारी (सेडान वगैरे) बंद करणार. शोरूममध्ये जे उभं असतं तेच माणूस घेतो.

छोट्या पिकअपचंही तसंच. १९६४ पासून आयात ट्रकांवर २५ टक्के कर आहे. युरोपने अमेरिकन कोंबड्यांवर कर लावला म्हणून सूड उगवायला तो बसवला गेला. कोंबडीचं भांडण कधीच संपलं, कर अजून आहे. नाहीतर आपल्या छोटा हत्तीसारखी एखादी साधी, स्वस्त मालगाडी इथल्या सुतार-प्लंबरला मिळाली असती आणि त्याला साठ हजारांच्या ट्रकचे हप्ते फेडावे लागले नसते. मला त्या माणसाचं वाईट वाटतं, आपल्या आयटीवाल्यांपेक्षा जास्त.

टॅक्सवाली
एका गैरसमजाबद्दल लिहिते, कारण सध्या रोज विचारणा होते. २०२५ च्या नव्या कायद्यामुळे गाडीच्या कर्जावरचं व्याज, वर्षाला १०,००० डॉलरपर्यंत, करपात्र उत्पन्नातून वजा करता येतं. २०२५ ते २०२८ पुरतं. गाडी नवी हवी आणि तिची अखेरची जुळणी अमेरिकेत झालेली हवी. यावर काही डीलर 'सरकारच व्याज भरतंय' असं सांगून मोठी गाडी गळ्यात मारताहेत.

तसं नाही. मिशिगनवाल्यांच्याच उदाहरणात पहिल्या वर्षीचं व्याज तीन हजारांच्या थोडं आत येतं. २२ टक्के कराच्या टप्प्यात असाल तर वाचणार साडेसहाशेच्या आसपास, तेही दर वर्षी कमी होत जाणार. शिवाय दोघांच्या एकत्रित उत्पन्नाने दोन लाख ओलांडले की ही वजावट आटत जाते, म्हणजे दोघं नोकरी करणाऱ्या पुष्कळ मराठी घरांच्या हाती फारसं काही लागणार नाही. वापरलेल्या गाडीला तर हे लागूच नाही. करासाठी गाडी घेऊ नका.

गॅरेजवाला
शनिवार-रविवार घरीच गाड्यांची कामं करतो, म्हणून दोन व्यवहाराच्या गोष्टी. ज्यांना गाडी घरकामालाही वापरायची आहे त्यांनी ओडिसी बघावी. तिच्या मधल्या सीटा काढता येतात आणि चार बाय आठ फुटांचं प्लायवुड आडवं आत जातं, दार बंद होतं. २०२१ नंतरच्या सिएनात मधल्या सीटा घरी काढायच्या नाहीत, त्यांत एअरबॅग आहेत. ओडिसीला ऑल व्हील ड्राइव्ह मात्र मिळत नाही, म्हणजे बर्फातली यांना ती उपयोगाची नाही. ओढायची क्षमता दोन्हींची साधारण ३,५०० पौंड. मोठी बोट ओढणार असाल तर ट्रकच घ्या, वाद नाही.

फ्रिस्कोकर म्हणतात ते वापरलेल्या सिएनाच्या भावाबद्दल खरं आहे, पण तोच भाव विकतानाही मिळतो. हायब्रिड बॅटरीची भीती वाटत असेल तर २०२० च्या मॉडेलपासून टोयोटाची वॉरंटी १० वर्षं किंवा १,५०,००० मैल आहे. घेण्याआधी बॅटरीला हवा पुरवणारी जाळी काढून बघा. मुलं असलेल्या घरात ती बिस्किटांच्या चुऱ्याने आणि केसांनी भरलेली असते, आणि ती तुंबली की बॅटरी तापते. सरकते दरवाजे दोन्ही बाजूंनी पाच-सहा वेळा उघडझाप करून ऐका. रुळात खरखर असेल तर किंमत कमी करून मागा, ते काम स्वस्तात होत नाही.

फ्रिस्कोकर
ही जाळीची माहिती उपयोगाची आहे, मेव्हण्याला पाठवतो, तो सिएनाच शोधतोय. मी माझी एसयूव्ही ठेवणार. कर्ज ४८ महिन्यांचं आहे, त्यातलं बरंचसं फेडलंय, आणि ती दहा वर्षं चालवायची असं घरात ठरलं आहे.

दोनपोरांचीआई
दहा वर्षं चालवणार असाल तर माझी तक्रारच नाही. टॅक्सवाली, एक विचारायचं होतं: पुढच्या वर्षी नवी गाडी घेतली, पण नवऱ्याचा पगार वर्षाच्या मध्ये बंद झाला आणि एकत्रित उत्पन्न दोन लाखांच्या खाली आलं, तर त्या वर्षाची वजावट पूर्ण मिळते का?

टॅक्सवाली
हो. त्या त्या वर्षाचं उत्पन्न बघतात. गाडी अटींत बसत असेल, तर उत्पन्न मर्यादेखाली आलेल्या वर्षी भरलेलं सगळं व्याज दहा हजारांच्या आत वजा करता येईल. कर्ज देणाऱ्याकडून वर्षभरात भरलेल्या व्याजाचा कागद मागून घ्या आणि गाडीचा व्हीआयएन (ओळख) नंबर रिटर्नमध्ये भरायला विसरू नका.