शकुंतलेची स्थानके श्रमदानाने सावरावीत का?

वऱ्हाडी प्रवासी (धागाकर्ता)

मूर्तिजापूरहून एका बाजूला अचलपूर आणि दुसऱ्या बाजूला यवतमाळ गाठणारी शकुंतला ही आगगाडी आपल्यापैकी अनेकांनी पाहिली आहे. वऱ्हाडातला कापूस मुंबई बंदराच्या वाटेला लावण्यासाठी किलिक निक्सन या ब्रिटिश पेढीच्या पुढाकाराने सुमारे 190 किलोमीटरचा हा नॅरोगेज (अरुंद रुळांचा) मार्ग उभा राहिला आणि एप्रिल 1994 पर्यंत त्यावर वाफेचे इंजिन धावत होते. आता गाडी बंद आहे आणि स्थानके ओस पडली आहेत. कमानीच्या सांध्यात उगवलेल्या पिंपळाच्या बोटभर रोपाकडे दोन-तीन पावसाळे कोणी पाहिले नाही, तर त्याचे मूळ भिंतीच्या पोटात शिरते आणि मग ती भिंत वाचवणे फार अवघड होते. सरकारी निर्णय होईपर्यंत ही रोपे थांबणार नाहीत. म्हणून अचलपूर, पथ्रोट, अंजनगाव अशा ठिकाणच्या गावकऱ्यांनी रेल्वेची लेखी परवानगी घेऊन श्रमदान करावे, आवारातली वेडी बाभूळ काढावी, फलाट मोकळा करावा आणि इमारत तगवून धरावी, असे माझे ठाम मत आहे. मुंबईत भायखळा स्थानकाचे जतन नागरी संस्था, देणगीदार आणि संवर्धन वास्तुविशारद यांनी रेल्वेच्या सहकार्याने केले आणि 2022 मध्ये त्याला युनेस्कोचा आशिया-पॅसिफिक पुरस्कार मिळाला. मुंबईला जे जमले, ते वऱ्हाडाला का जमू नये?

दर्यापूरकर

आपल्या तळमळीबद्दल आदर आहे, पण हा मार्ग मला मान्य नाही. भायखळ्याला रोज हजारो प्रवासी उतरतात. तिथे इमारत जपली म्हणजे चालू स्थानक जपले. आपल्याकडे गाडीच नाही. दर्यापूर-अंजनगावच्या शेतकऱ्याला, शिकायला मूर्तिजापूर-अकोल्याला जाणाऱ्या मुलीला आणि दवाखान्यासाठी एसटीच्या फाट्यावर ताटकळणाऱ्या म्हाताऱ्याला रेल्वे हवी आहे. 2016 मध्ये ब्रॉडगेज (रुंद रुळांच्या) रूपांतराची घोषणा झाली, त्यानंतर आम्ही निवेदने देत राहिलो. अशा वेळी गावानेच स्थानक झाडून-पुसून देखणे केले, तर त्याचे फोटो छापून येतील, कौतुक होईल आणि मूळ मागणी मागे पडेल, ही माझी खरी भीती आहे. शिवाय मार्गाची मालकी खाजगी कंपनीची आणि गाडी चालवणारी सरकारी रेल्वे, अशी इथली व्यवस्था राहिली आहे. उद्या श्रमदानात कोणाच्या अंगावर तुळई पडली, तर जबाबदार कोण?

वऱ्हाडी प्रवासी

परवानगीची अट मी सुरुवातीलाच घातली आहे. मागणी मागे पडेल हे मात्र पटत नाही. वेल्समधल्या तालिलिन या नॅरोगेज मार्गाचे मालक 1950 मध्ये वारले, तेव्हा तो बंदच पडायचा. स्वयंसेवकांनी संस्था काढली आणि 1951 पासून गाडी स्वतः चालवली. लोकांचे हात लागलेला मार्ग मोडीत काढणे अवघड होते. ओसाड जागा मोडीत काढणे सोपे असते.

दर्यापूरकर

तालिलिनमध्ये मालकाच्या पत्नीने रेल्वे संस्थेच्या हवाली केली होती, आणि तो मार्ग तेव्हा चालता होता. आपल्याकडे यातले काहीही नाही. शिवाय पर्यटकांची गाडी आणि शेतकऱ्याची गाडी या वेगळ्या गोष्टी आहेत.

चुनेगच्ची

जुन्या बांधकामांची डागडुजी हे माझे रोजचे काम आहे, म्हणून मला भीती वाटते ती उत्साहाची. श्रमदान म्हटले की पहिल्याच रविवारी सिमेंटची गोणी आणि ऑइलपेंटचा डबा येतो. चुन्यात बांधलेली भिंत ओल शोषते आणि सांध्यांतून बाहेर टाकते. त्या सांध्यांत सिमेंट भरले, की ओलीला दगड-विटेतूनच वाट काढावी लागते, क्षार पृष्ठभागाशी साचतात आणि पोपडे सुटू लागतात. भायखळ्यातही वर्षानुवर्षे चढवलेले रंगाचे थर काढणे हा कामाचा मोठा भाग होता. पिंपळही उपटू नये, कारण मुळाबरोबर दगड निखळतो. बुंधा कापून मूळ जागीच मारावे लागते. माझ्या मते स्वयंसेवकांनी आवार, पाण्याचे निचरे आणि नोंदी एवढेच हाती घ्यावे. प्रत्येक भिंतीचे मोजमाप, छायाचित्रे, जुन्या कर्मचाऱ्यांच्या आठवणी, तिकिटे, पाट्या यांची नोंद करण्याने कोणतीही इजा होत नाही. भिंतीला हात लावायचा, तो जाणकाराच्या देखरेखीखाली.

वऱ्हाडी प्रवासी

ही मर्यादा मला पूर्ण मान्य आहे आणि प्रस्तावात ती लेखी घालायला हवी: सिमेंट नाही, रंग नाही, मुळे उपटणे नाही. दर्यापूरकरांच्या मुद्द्यासाठी एक गोष्ट सुचवतो. परवानगीच्या अर्जातच रुंदीकरणाची मागणी पहिल्या परिच्छेदात यावी आणि स्थानकाची काळजी घेणारे गावकरी हेच गाडी मागणारे प्रवासी आहेत, हे त्यात स्पष्ट लिहावे.

दर्यापूरकर

असा अर्ज असेल तर मी सही करीन. फावडे मात्र रेल्वेचे उत्तर हाती आल्यावरच उचलीन. ब्रॉडगेजची मोजणी जुन्या स्थानकावरूनच गेली, तर त्या दिवशी तुम्ही कोणत्या बाजूला उभे राहाल, हेही आत्ताच सांगा.

वऱ्हाडी प्रवासी

रुळाच्या बाजूला. पण रूळ चार हात सरकवता येतो का, हे आधी विचारीन, आणि ते विचारायला भिंत तोवर उभी असायला हवी.