संवादाच्या चित्रीकरणात चौकट कशी ठरवावी?

प्रश्न :
समोरासमोर बसलेल्या दोन व्यक्तींचा संवाद मी एकाच कॅमेऱ्याने चित्रित करतो. आधी एकाचे सगळे बोलणे, मग कॅमेरा हलवून दुसऱ्याचे. चेहरा फ्रेमच्या बरोबर मध्यभागी ठेवूनही चित्र रिकामे वाटते आणि संकलनात शॉट एकापुढे एक लावले की दोघेही एकाच दिशेला पाहत तिसऱ्याच कुणाशी तरी बोलत आहेत, असे दिसते. नेमके काय चुकते आहे?

प्रतिसाद १ :
चेहऱ्याऐवजी डोळे कुठे आहेत ते पाहावे. चेहरा मधोमध धरला की डोक्यावर नको तेवढी जागा उरते. म्हणून कॅमेऱ्यातील ग्रिड (पडद्याचे आडवे-उभे तीन समान भाग दाखवणाऱ्या रेषा) चालू करून डोळे वरच्या आडव्या रेषेच्या आसपास आणावेत आणि व्यक्ती ज्या बाजूला पाहत असेल त्या बाजूला अधिक जागा सोडावी. क्लोजअपमध्ये कपाळाचा वरचा भाग कापला गेला तरी खटकत नाही, हनुवटी कापलेली मात्र लगेच खटकते. फ्रेमची कड गुडघा, कोपर अशा सांध्यांवरही येऊ देऊ नये.

प्रतिसाद २ :
दुसरी अडचण १८० अंशांच्या नियमाची आहे. दोघांना जोडणारी एक काल्पनिक रेषा धरावी आणि कॅमेरा सतत तिच्या एकाच बाजूला ठेवावा, म्हणजे एक जण पडद्यावर डावीकडे पाहील आणि दुसरा उजवीकडे. आपण जागा बदलताना बहुधा ही रेषा ओलांडत असाल. दोन्ही शॉटसाठी लेन्स आणि अंतर सारखेच ठेवावे, कॅमेरा डोळ्यांच्या उंचीवर असावा.

प्रतिसाद ३ :
वरील मुद्दे मान्य आहेत, तरी तृतीयांशाचा नियम (डोळे किंवा व्यक्ती ग्रिडच्या रेषांवर ठेवण्याचा) म्हणजे कायदा नव्हे. व्यक्ती थेट कॅमेऱ्याकडे पाहून बोलत असेल, तर ती मधोमधच शोभते. मला अधिक महत्त्वाचे वाटते ते अंतर. वाइड (रुंद दृश्य टिपणारी) लेन्स लावून जवळ गेल्यास नाक मोठे आणि कान मागे गेलेले दिसतात, त्यामुळे थोडे मागे सरून अधिक फोकल लेंग्थची, म्हणजे दूरचे जवळ आणून दाखवणारी लेन्स वापरावी. मागचा एखादा खांब डोक्यातून उगवल्यासारखा दिसत नाही ना, हेही रेकॉर्डिंगपूर्वी तपासावे (हे सर्वांनाच ठाऊक असते, तरी तो खांब संकलनातच सापडतो).

प्रश्नकर्ता :
आभारी आहे. बोलता बोलता एक जण उठून दुसऱ्या बाजूला गेला तर?

प्रतिसाद २ :
तर रेषाही त्याच्याबरोबर सरकते. ते चालणे न कापता एकाच शॉटमध्ये दाखवावे आणि पुढचे शॉट नव्या रेषेनुसार घ्यावेत.