गाळा चादरीच्या दुकानाला दिला, आत सोनं गहाण घेतलं जातंय. परवान्यासाठी मालकाने संमतीपत्र द्यावं का?

मंगळवारपेठ_गाळा
2016 पासून गाळा चादर-टॉवेलच्या दुकानासाठी भाड्याने दिलाय. करार स्टॅम्पपेपरवर, नोंदणी नाही. वर्षभरापासून त्याच काउंटरवर सोनं गहाण ठेवून पैसे दिले जातात, शेकडा तीन महिन्याला. भिंतीवर फ्रेममध्ये परवाना आहे, पण तो कानडीत, कर्नाटकातल्या इंडीच्या पत्त्याचा आणि भाडेकरूच्या मेव्हण्याच्या नावाचा. आता सोलापूरचा परवाना काढायला माझं संमतीपत्र हवंय. दिलं नाही म्हणून वकिलाची नोटीस आली: करारात मनाई नाही, तुम्ही धंद्याचं नुकसान करताय. सही करावी का? कुलूप लावलं तर चालेल का?

खतावणी
आधी त्या फ्रेमचं बघा. तो परवाना कर्नाटकच्या 1961 च्या गहाणवट कायद्याखालचा असणार. वेशीच्या अलीकडे त्याला किंमत नाही. आपल्याकडे गहाणवटीचा वेगळा परवाना नसतो, ती महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम, 2014 मध्येच येते. अर्ज सहकार खात्याच्या सहायक निबंधकांकडे, परवाना जिल्हा उपनिबंधकांकडून. तो माणसाच्या नावाने आणि ठरावीक जागेसाठी असतो, त्यामुळे मेव्हण्याच्या परवान्यावर दाजी सावकारी करू शकत नाही. विनापरवाना सावकारीला कलम 39 खाली 5 वर्षांपर्यंत कैद किंवा 50 हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही.

परवाना मिळाला तरी शेकडा तीन बसत नाही. तारण कर्जाला शेतकऱ्याकडून वर्षाला 9 टक्के, इतरांकडून 15 टक्के ही कमाल. 50 हजारांवर 15 टक्क्यांनी महिन्याला 625 रुपये होतात, हा 1,500 घेतोय. चक्रवाढ तर मुळातच मना.

काळा_कोट
संमती देण्याची सक्ती तुमच्यावर नाही. करारात गाळा कशासाठी दिला ते लिहिलेलं असेल, तर "मनाई नाही" हा मुद्दा लंगडा पडतो. नोटिशीला उत्तर मात्र द्याच, रजिस्टर पोस्टाने, पोचपावतीसह. गप्प बसलात तर उद्या त्यालाच मूकसंमती म्हणतील.

कुलूप अजिबात नको. आत लोकांचं सोनं आहे. उद्या कोणी "माझं पाच तोळं कमी भरलं" म्हणालं, तर उत्तर तुम्हाला द्यावं लागेल. शिवाय जबरदस्तीने ताबा काढला तर तो विशिष्ट अनुतोष कायद्याच्या कलम 6 खाली 6 महिन्यांच्या आत दावा लावून ताबा परत मागू शकतो. लाइट-पाणी तोडणंही भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम 29 मध्ये अडकतं.

खाली करून घेण्याचा रस्ता म्हणजे महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, 1999, कलम 16. बेकायदा वापराच्या कारणावर दावा लावायचा तर भाडेकरू दोषी ठरलेला असावा लागतो. नुसती तक्रार किंवा धाड पुरत नाही, आणि बहुतेक मालक इथेच फसतात. दुसरं कारण, ठरल्यापेक्षा वेगळा वापर (संपत्ती हस्तांतरण कायदा, 108(ओ)). पण तेही सोपं नाही. सायकल दुरुस्तीच्या दुकानात टीव्हीही विकले, म्हणून वापर बदलला असं होत नाही, असा 1989 चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आहे. चादरी अजून विकल्या जात असतील, तर समोरचा वकील हाच काढणार.

मंगळवारपेठ_गाळा
करार नोंदवलेला नाही, त्याचं काय? आणि भाडं घेत राहू का?

काळा_कोट
भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम 55 नुसार नोंदणीची जबाबदारी मालकाची. नोंदणी नसेल, तर अटींबद्दल भाडेकरू म्हणेल तेच धरलं जातं, उलटं सिद्ध होईपर्यंत. म्हणून त्याचेच कागद गोळा करा: गुमास्ता (दुकानाची नोंदणी), जीएसटी नोंदणी, दुकानाची पाटी. त्यांत धंदा "चादर विक्री" असेल, तर ते त्याचंच म्हणणं.

भाडं घ्या आणि पावती द्या, ती द्यावीच लागते. पावतीवर लिहा: "चादर-टॉवेल दुकानाचे भाडे, इतर वापरास संमती नाही, हक्क राखून." भाडं नेहमीचंच ठेवा. व्याजातला वाटा किंवा "थोडं जास्त देतो" घेतलंत, तर सगळी केस हातची गेली.

खतावणी
तक्रार जिल्हा उपनिबंधकांकडे लेखी द्या, आवक शिक्का घ्या. सोबत फ्रेमचा फोटो (परवाना क्रमांक वाचता यावा) आणि जमल्यास गहाण पावतीची प्रत: वजन, रक्कम, तारीख, गाळ्याचा पत्ता. व्याज लिहिलेली पावती सहसा सापडत नाही, ते बाजूला चिठ्ठीवर असतं. म्हणून एखादा कर्जदार जबाब द्यायला तयार झाला, तर तो दहा कागदांना भारी.

नवीपेठ_सराफ
भाडेकरू आता "गोल्ड लोन कंपनीला अर्धं काउंटर देतो" म्हणाला तर सावध राहा. रिझर्व्ह बँकेकडे नोंदलेल्या वित्त कंपनीला राज्याचा सावकारी कायदा लागत नाही (सर्वोच्च न्यायालय, मे 2022), म्हणून उपनिबंधकांकडे जाऊन उपयोग नाही. पण तुमच्या संमतीशिवाय काउंटर दिलं, तर ते पोटभाडं, आणि भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम 16(1)(ई) खाली गाळा मागायला ते परवान्याच्या भांडणापेक्षा पक्कं कारण.