क्लाउडसिममध्ये दर वेळी एकच उत्तर येते. याला मूल्यमापन म्हणावे का?

प्रश्न (यवतमाळ जिल्हा)
नमस्कार. माझा एम.टेक.चा प्रकल्प पीकविम्याच्या अर्जांवर आहे. मुदत संपत आली की अर्जांची झुंबड उडते. त्या दिवसांत किती व्हर्च्युअल मशीन (सर्व्हरवर चालणारी आभासी यंत्रे) पुरतील, हे मला पाहायचे आहे. प्रत्यक्ष क्लाउड भाड्याने घेणे परवडत नाही, म्हणून संगणकावरच क्लाउडचे अनुकरण (सिम्युलेशन) करणारे क्लाउडसिम हे साधन घेतले. १००० एमआयपीएसच्या (सेकंदाला १००० दशलक्ष सूचना पाळणाऱ्या) मशीनला ४,००,००० लांबीचे काम दिले, तेव्हा सुरुवात ०.१ आणि शेवट ४००.१ असे उत्तर आले. दहा वेळा चालवूनही आकडा हलला नाही. आमचे मार्गदर्शक विचारतात, यात तपासले काय?

उत्तर (अमरावती)
ताई, आकडा हलत नाही हा दोष नव्हे. कामाची लांबी दशलक्ष सूचनांत मोजली जाते. तिला मशीनच्या वेगाने भागले की ४०० सेकंद येणारच. अनिश्चितता आपणच आत घालावी लागते. मूळ उदाहरणांत ब्रोकर (कामे मशीनकडे सोपवणारा भाग) सगळी कामे मशीन तयार होताच एकदम सोपवतो. शेतकरी असे एका क्षणी येत नाहीत. मेलबर्न विद्यापीठात राजकुमार बुय्या यांच्या गटाने घडवलेल्या या साधनासोबत प्लॅनेटलॅबच्या २०११ मधील दहा दिवसांच्या नोंदी मिळतात, परंतु त्या संशोधनासाठीच्या सर्व्हरवरील प्रोसेसर-वापराच्या, दर पाच मिनिटांच्या आहेत. आपल्या प्रश्नाला त्या लागू पडणार नाहीत. त्यापेक्षा गावातल्या सेवा केंद्रावर एक वही ठेवा आणि दर पंधरा मिनिटांत किती अर्ज भरले गेले, ते लिहा. त्यावरून अर्ज येण्याचे वितरण ठरवा, वेगवेगळे सीड (यादृच्छिक आकड्यांची सुरुवात ठरवणारी संख्या) देऊन किमान ३० वेळा चालवा आणि सरासरीसोबत विश्वासांतरही (खरी सरासरी ज्या मर्यादांत असावी, त्या) द्या. माझ्या मते सरासरीपेक्षा ९५वा शतमक (शंभरातल्या ९५ अर्जांचे काम ज्या वेळेत होते, तो आकडा) महत्त्वाचा, कारण रांगेत शेवटी उभ्या असलेल्याची त्या दिवसाची मजुरी बुडते.

उत्तर (वर्धा)
वरील म्हणणे पटते. शेड्यूलरही (मशीनवर कामे कशी चालावीत, हे ठरवणारा भाग) बदलून पाहावा. आपल्या त्याच मशीनवर तशीच दोन कामे एकदम आली, तर टाइम-शेअर्डमध्ये (दोन्ही कामे मशीनचा वेग वाटून घेतात) दोन्ही ८०० सेकंदांनी संपतात. स्पेस-शेअर्डमध्ये (एक संपल्यावर दुसरे सुरू होते) पहिले ४०० ला आणि दुसरे ८०० ला. यंत्र तेच, काम तेवढेच, तरी सरासरी ८०० वरून ६०० वर येते. अशा तुलनेसाठी सिम्युलेशन खरोखर उपयोगी पडते. मात्र ‘इतक्या सेकंदांत अर्ज जाईल’ असा दावा त्यावरून करू नये.

प्रश्नकर्ती
दोघांचेही मनापासून आभार. मग खेड्यातल्या मोबाइल नेटवर्कचा विलंब यात कसा धरावा?

उत्तर (अमरावती)
आपण मांडलेल्या साध्या प्रयोगात तो येतच नाही. केंद्रावरून सर्व्हरपर्यंत जाऊन येण्याचा वेळ सकाळी आणि दुपारी वेगळा मोजा, आणि निकालात तो निराळ्या स्तंभात दाखवा. मशीनची संख्या वाढवून हा विलंब घटणार नाही, हे त्या स्तंभावरून मार्गदर्शकांच्याही ध्यानात येईल.