जुन्या शहरभागांतील सुविधा : अंतर कुठपर्यंत मोजायचे?

प्रश्न

ऐतिहासिक शहरभागांचा नकाशा पाहिला, तर जलवाहिनी, दवाखाना, शाळा हे सारे हाकेच्या अंतरावर दिसते आणि शहराच्या कडेला वसलेल्या नव्या वस्त्यांपेक्षा हा भाग सुदैवी ठरतो. तरीही तेथील कित्येक कुटुंबे हलाखीत राहतात. मग अवकाशीय न्यायाचा, म्हणजे सेवांच्या जागेनुसार न्याय्य वाटपाचा, विचार येथे नेमका कसा करावा?

प्रतिसाद १

अंतर गल्लीच्या तोंडापर्यंत मोजले जाते, घराच्या उंबऱ्यापर्यंत नाही, हीच खरी गोम आहे. तिसऱ्या मजल्यावरच्या एका खोलीत राहणारी वृद्ध स्त्री अंगणातल्या सामाईक नळावर बादली भरते, झिजलेल्या लाकडी पायऱ्यांवर एका हाताने कठडा धरत ती वर नेते आणि निम्मे पाणी वाटेतच सांडते. नकाशाच्या लेखी मात्र त्या इमारतीला ‘जोडणी’ असते. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांच्या संयुक्त मोजणीत ‘सुधारित’, म्हणजे बांधणीनेच दूषित होण्यापासून जपलेल्या, स्रोतावरून जाण्यायेण्याच्या वेळेसह आणि रांगेसह ३० मिनिटांत पाणी आणता आले, तर सेवा ‘मूलभूत’ गणली जाते. त्यावरच्या पायरीसाठी पाणी घराच्या आवारात, गरजेच्या वेळी आणि दूषणमुक्त मिळावे लागते. इतर कुटुंबांबरोबर वापरावे लागणारे शौचालय मात्र कितीही चांगले असले, तरी ‘मर्यादित’ याच वर्गात जाते. म्हणून वॉर्डाच्या सरासरीवर विसंबू नये, एकेक घर मोजावे.

प्रतिसाद २

मोजणी पटली, पण माझी काळजी पुढची आहे. सुविधा आल्या की भाडी वाढतात आणि ज्यांच्या नावाने काम सुरू झाले, तेच बाहेर फेकले जातात. ब्राझीलमधील साल्वादोरच्या पेलोरिन्यो भागाला १९८५ मध्ये जागतिक वारशाचा दर्जा मिळाला. १९९० च्या दशकात दर्शनी भिंती रंगल्या, पर्यटन वाढले आणि हजारो गरीब रहिवाशांना तुटपुंजी भरपाई घेऊन निघावे लागले. याउलट इटलीतील बोलोन्या शहराने १९७३ च्या आराखड्यात सार्वजनिक घरबांधणीचा निधी ऐतिहासिक गाभ्याकडे वळवला. सक्तीच्या संपादनाला विरोध झाल्यावर मालकांशी करार करण्यात आले: दुरुस्तीसाठी मदत मिळेल, पण भाडे मर्यादित राहील आणि जुन्या रहिवाशांना तेथेच राहता येईल. मला हा करार दगडी फरसबंदीपेक्षा कितीतरी मोलाचा वाटतो.

प्रश्नकर्ता

मग भाडेकरूंची नोंद हे पहिले काम ठरावे काय? पावती नसलेले पोटभाडेकरू तर कोणत्याच यादीत नसतात.

प्रतिसाद १

होय, आणि ती नोंद कामाची घोषणा होण्यापूर्वीच व्हावी, कारण घोषणा होताच खोल्या रिकाम्या करून घेण्यास सुरुवात होते. पावती नसेल, तर वीजबिल, मुलांचा शाळेतील दाखला आणि शेजाऱ्यांची साक्ष ग्राह्य धरावी. यादी त्याच अंगणात सर्वांसमोर वाचून दाखवावी आणि वगळलेली नावे तिथल्या तिथे घालावीत.